बोनेअर: जोडीने डायव्हिंगला जायचं तर

बोनेअर हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. इथलं पाणी वर्षभर २६ ते २९ अंश, त्यामुळे ३ मिमीचा वेटसूट (पाण्यात ऊब राखणारा पोशाख) पुरतो. बोनेअरचं खरं सुख म्हणजे किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येतं, बोटीची वेळ गाठायची घाई नाही. पिकअप भाड्याने घ्या, मागे हवेच्या टाक्या टाका, रस्त्याकडेला डाइव्ह साइटचं नाव लिहिलेला पिवळा दगड दिसला की थांबा. किनारा मात्र वाळूचा नाही. पोवळ्यांचे धारदार तुकडे पायाखाली सरकतात, म्हणून जाड तळव्याचे बूट हवेतच. फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) कमरेइतक्या पाण्यात, एकमेकांचा खांदा धरून चढवा. गाडीत काहीही मौल्यवान ठेवू नका, चोऱ्या होतात. एकालाच डायव्हिंग येत असेल तरी हे बेट उत्तम: रीफ (पोवळ्यांची रांग) किनाऱ्यालगतच, दुसऱ्याला स्नॉर्केलने (श्वास घ्यायच्या नळीने) वरूनच पाहत पोहता येतं. शेवटच्या डाइव्हनंतर विमानापूर्वी किमान १८ तास राखा.