भुईमुगासाठी घेतलेली ‘थंडीरोधक’ पावडर

करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आमचे मळीचे रान आहे. डिसेंबरमध्ये उसाचा खोडवा (पहिल्या तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा वाढलेला ऊस) तुटून ते मोकळे झाले, तेव्हा गावात फिरणाऱ्या एका विक्रेत्याने, बियाण्याला चोळल्यास भुईमूग कडाक्याच्या थंडीतही उगवतो असे सांगून, आम्हाला पावडरीच्या सहा पुड्या तीन हजार रुपयांना विकल्या. पावती नंतर पाठवतो म्हणाला; ती आजवर आलेली नाही.

त्याचे बोलणे सगळे खोटे नव्हते, म्हणूनच ते पटले. गहू थंडी सोसतो, कारण पारा हळूहळू उतरताना त्याच्या पेशींत शर्करा व प्रोलीन हे अमिनो आम्ल साठते आणि पेशीपटलातील, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पापुद्र्यातील, स्निग्ध पदार्थांची घडण बदलून ते लवचीक राहते, हे त्याने बरोबर सांगितले. मात्र या तयारीला कित्येक दिवस लागतात आणि ती करण्याची क्षमता पिकाच्या जातीतच असावी लागते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या, उबेत वाढणाऱ्या भुईमुगाला ती पुडीतून मिळत नाही, हे त्याने लपवले. त्याने डब्यातून मोड आलेले दाणे दाखवले, पण ते किती उबेत ठेवले होते, हे मी विचारले नाही.

आम्ही टोकण करून लगेच पाणी दिले. कोरडा दाणा पहिल्या काही तासांत पाणी ओढतो, तेव्हाच त्याची पेशीपटले पुन्हा जुळत असतात. जमीन गार असली की ती नीट जुळत नाहीत, आतली शर्करा बाहेर झिरपते आणि तिच्यावर बुरशी पोसते. बाराव्या दिवशी उकरले, तर दाणे मऊ, काळसर, कुबट वासाचे निघाले. वडील काही न बोलता सरीमागून सरी उकरत राहिले, ते आठवले की आजही जीव तुटतो.

कृषी अधिकाऱ्यांनी पुडी पाहिली. तिच्यावर घटक, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक यांपैकी काहीही नव्हते. अशी जैव-उत्तेजके, म्हणजे पिकाची वाढ किंवा ताण सोसण्याची ताकद वाढवण्यासाठी विकली जाणारी उत्पादने, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे हा तपशील छापलेला नसलेली पुडी कोणी दारात आणली, तर ती घेऊ नये आणि पक्क्या पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. उन्हाळी भुईमुगाची पेरणी १५ जानेवारीनंतर, रात्रीची थंडी ओसरल्यावर करावी, ही जुनी शिफारस आम्हाला ठाऊक होती. महिनाभर आधी पीक हाती येईल या आशेने आम्ही ती बाजूला ठेवली.

जानेवारीअखेर नवे बियाणे आणून पावडरीविना टोकण केली. दहा दिवसांत सरी भरून उगवण झाली. उरलेल्या दोन पुड्या तक्रारीसोबत जमा केल्या आहेत.