'पॅरासाइट' की 'ट्रँगल ऑफ सॅडनेस': आधी कोणता बघावा?

श्रीमंतीची चिरफाड करणारे हे दोन्ही सिनेमे फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'पाम दोर' या सर्वोच्च पुरस्काराचे मानकरी ठरले: दिग्दर्शक बोंग जून-होचा 'पॅरासाइट' 2019 साली, रुबेन ऑस्टलंडचा 'ट्रँगल' 2022 साली. त्यामुळे पुरस्कार बघून निवड होणार नाही.

वेळ: पहिला 132 मिनिटांचा, दुसरा जवळपास अडीच तासांचा. पहिला कोरियन असल्याने सबटायटल वाचावी लागतात. दुसरा बहुतांशी इंग्रजीत आहे.

बांधणी: खरा फरक इथेच आहे. 'पॅरासाइट'मध्ये वर्गभेद संवादांआधी जागेतून दिसतो. किम कुटुंब अर्ध्या तळघरात राहतं, पार्क कुटुंब टेकडीवरच्या बंगल्यात. मुसळधार पावसाच्या रात्री किम मंडळी एकामागून एक जिने उतरत घराकडे धावतात. पाणीही त्याच दिशेने वाहत असतं. पार्कांसाठी त्या पावसाने हवा स्वच्छ झाली, किमांचं घर बुडालं. एकही प्रसंग वाया जात नाही. 'ट्रँगल'चे तीन सुटे भाग आहेत: मॉडेल जोडपं, आलिशान बोट, बेट. बोटीवरचा भाग फार ताणला आहे. बेटावर मात्र मासे पकडता येणारी सफाई कर्मचारी ॲबिगेल सूत्रं हाती घेते, आणि सत्ता कशावर टिकते ते लख्ख कळतं.

सोसवेल का? 'ट्रँगल'मधलं उलट्यांचं प्रकरण लांबलचक आहे, जेवताना लावू नका. 'पॅरासाइट'मध्ये रक्तपात आहे.

घट्ट कथा हवी असेल, पुन्हा बघायचा असेल, तर 'पॅरासाइट'. मोकळाढाकळा, भडक उपहास आवडत असेल किंवा सबटायटल नको असतील, तर 'ट्रँगल'.