जुन्या एस्टीमला फ्री-फ्लो: उद्यमनगरातल्या कामाचा हिशेब

गाडी 2004 ची मारुती एस्टीम. 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कंपनीच्या कागदावर 85 बीएचपी आणि वजन नऊशे किलोच्या आत. ज्यांनी चालवलीय त्यांना पुढचं सांगायला नको. मागचा सायलेन्सर आतून गंजून फुटला होता. घर ते बिंदू चौक एवढीच गाडी फिरली की पाइप पुरता तापत नाही, धुरातली वाफ आतच पाणी होऊन साचते आणि पत्रा खाते. आता तसलाच साधा डबा बसवायचा, की थोडे पैसे वर घालून फ्री-फ्लो, म्हणजे धूर कमी अडवणारा मोकळा सायलेन्सर, करून घ्यायचा? मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका सायलेन्सरवाल्याकडे फ्री-फ्लोच करून घेतला. नाव देत नाही, कारण दुकानाला बोर्डच नाही.

पहिली गोष्ट आवडली ती ही की मिस्त्रीनं मला हवं ते विकलं नाही. सोबतचा मित्र म्हणत होता, दोन इंची टाका, आवाज नाद खुळा येईल. मिस्त्री म्हणाला, "तेराशेच्या इंजनाला दोन इंची? खालचा दम जातोय बघा. नंतर मलाच शिव्या घालशीला." बरोबर बोलला. ‘इंजिनाला बॅकप्रेशर (धुराला पाइपात होणारा अडथळा) लागतंच’ असं जे सगळे सांगत फिरतात ते अर्धवट आहे. लागतो तो धुराचा वेग. एका सिलिंडरचा धूर जोरात बाहेर गेला तर मागच्याला ओढून नेतो. पाइप फार रुंद केला की हा वेग मरतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू चढताना गाडी जड वाटते. आम्ही पावणेदोन इंचावर थांबलो. या इंजिनाला त्याच्या वर जाऊ नये, असं माझं मत.

मग पत्र्याचा विषय, म्हणजे स्टेनलेस स्टील कुठल्या नंबरचं. बाजारात सगळेच ‘304 आहे सायेब’ म्हणतात आणि चुंबक लावून दाखवतात, चिकटत नाही म्हणून. पण चुंबक 202 लाही चिकटत नाही, त्यामुळे त्या खेळाला काही अर्थ नाही. ह्यानं सरळ सांगितलं की हे 202 आहे, 304 हवं तर दर वाढेल आणि आणून द्यायला वेळ लागेल. मी 202 घेतलं. पावसाळ्यात वेल्डिंगपाशी ते थोडं तांबूस पडेल हे मान्य करूनच घेतलं. जोड अर्गॉन वेल्डिंगनं मारलेत, बारीक आणि एकसारखे. मागच्या चाकाजवळच्या वळणाला पाइप नुसता प्रेसवर वाकवला असता तर तिथं चपटा झाला असता, आणि मग रुंद पाइपचा उपयोग काय? ह्यांनी वाळू ठासून भरली, तापवून वाकवला, आणि वळणावर हात फिरवला तर गोलाई शाबूत. हे काम बघायला मी तिथंच स्टुलावर बसून राहिलो होतो, चहा त्यांचाच.

मागचा डबा सरळ आरपार जाणारा: मध्ये भोकाचा पाइप, भोवती काचेची लोकर. ही लोकर काही वर्षांत जळून उडते आणि आवाज चढत जातो. डबा उघडून पुन्हा भरता येईल असा बनवून घ्या म्हणजे नंतर नवा घ्यावा लागणार नाही. मधला रेझोनेटर (आवाजातली घुमघुम मारणारा डबा) काढू दिला नाही, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही नाही. कन्व्हर्टरवर तिथल्याच एका भंगारवाल्याचा डोळा होता, आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमसाठी. पण तो काढला की पीयूसीला गाडी अडणार. माझ्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.5 टक्के आहे, आणि काम झाल्यावर पीयूसी सहज निघाली. हेडरचं (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पाइपांचा जोड) त्यांनी विचारलं होतं, चार-दोन-एक, म्हणजे चार पाइपांचे दोन आणि दोनाचा एक, करून देतो म्हणून. तो खर्च बाकी सगळ्या कामाएवढाच होता. जुन्या गाडीला मी तो करणार नाही.

एकूण साडेसहा हजार झाले. फरक? चार हजार आरपीएमच्या वर गाडी मोकळी होते, गगनबावड्याच्या रस्त्याला ओव्हरटेक करताना ते जाणवतं. खाली काहीच कमी झालेलं नाही. मायलेज जिथल्या तिथं. दहा-पंधरा बीएचपी वाढले असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आवाज मात्र झकास, जाड, कर्कश नाही. फक्त ऐंशीच्या आसपास पाचव्या गिअरला केबिनमध्ये घूं-घूं होतं, आणि मागं बसलेल्या आईनं पहिल्याच फेरीत ते ऐकवलं.

इनटेकबद्दल, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या बाजूबद्दल, थोडक्यात, कारण तिथं पैसे घालायची गरजच नाही. आठ-नऊशेचा चकाकता कोन फिल्टर बॉनेटखाली उघडा लावतात. तो सूं-सूं करतो खरा, पण ओढतो इंजिनाजवळची गरम हवा. 30 अंशांची हवा 60 वर गेली की तिची घनता जवळपास 9 टक्क्यांनी घटते. म्हणजे पैसे देऊन ताकद कमी करून घ्यायची. कंपनीचा डबा पुढून गार हवा घेतो, तो तसाच ठेवा. के अँड एनचा धुऊन वापरायचा पॅनेल फिल्टर त्याच डब्यात बसतो. गाडी बरीच वर्षं ठेवणार असाल तरच त्याचा खर्च परवडतो. मी नवा कागदी फिल्टर टाकला, थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) क्लीनरनं धुतली, प्लग बदलले. सगळं मिळून हजार-बाराशे, आणि खरं सांगायचं तर खालच्या आरपीएमला जो तरतरीतपणा आला तो ह्याच कामानं.

दुकानात कुणी सांगत नाही ते कायद्याचं. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय बदल केल्यास मालकाला कलम 182अ खाली प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाची मर्यादा मोडली तर कलम 190 वेगळं, पहिल्या वेळी 10,000 पर्यंत. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीसाठी आरटीओत उभं राहावं लागतं, तेही लक्षात घ्या. म्हणून आवाज मी मुद्दाम खालीच ठेवायला सांगितला.

ह्या दुकानाला पाचपैकी चार देईन. एक कापला तो वेल्डिंग सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह काढला नव्हता म्हणून. एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्यात जाऊ शकतो. तुम्ही गेलात तर पाना घेऊन जा आणि स्वतःच काढा. पाइपच्या जोडातलं गॅस्केटही आपलं नवं न्या, ते जुनंच परत दाबून बसवतात.