पहिली सायकल: एमटीबी, हायब्रिड की रोड बाइक?

पहिली सायकल घ्यायला निघालेल्या माणसाची नजर बहुतेक वेळा एमटीबीवर, म्हणजे डोंगरवाटांसाठीच्या माउंटन बाइकवर, जाऊन थांबते. जाड टायर, पुढे शॉकर, कधीकधी मागेही शॉकर, दणकट दिसणारी फ्रेम. एवढं सगळं मिळतंय म्हटल्यावर पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण तुमचा रोजचा रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा असेल, तर मी शॉकर नसलेली हायब्रिड, म्हणजे एमटीबी आणि रोड बाइक यांच्या मधली सायकल, घ्यायला सांगेन. या मतामागे टायर आणि शॉकर ही दोन मुख्य कारणं आहेत.

रोड बाइकचे, म्हणजे खाली वळलेल्या हँडलच्या वेगवान सायकलचे, टायर साधारण 25 ते 32 मिलिमीटर रुंद असतात, हायब्रिडचे 35 ते 45, आणि एमटीबीचे 50 ते 60. एमटीबीच्या टायरवरची मोठी गुठळीदार नक्षी चिखलात, सुट्या मातीत आणि खडकाळ वाटेवर पकड देते. तीच नक्षी डांबरावर प्रत्येक फेऱ्यात दबते, वाकते आणि तुमच्या पायांची ताकद खाते. चाकातून येणारा घूं-घूं आवाज त्याचाच. हायब्रिडचा टायर जवळपास गुळगुळीत असतो, त्यामुळे तेवढ्याच मेहनतीत सायकल पुढे जास्त पळते, आणि छोटे खड्डे पचवण्याइतकी रुंदीही त्याच्याकडे असते. हवा किती भरायची हे तुमच्या वजनावर ठरतं, पण टायरच्या बाजूला छापलेली मर्यादा ओलांडायची नाही. हवा फार कमी असेल, तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते.

आता शॉकर. डोंगरवाटेवर चांगला शॉकर चाकाला जमीन सोडू देत नाही, म्हणून सायकल ताब्यात राहते. तिथे त्याला पर्याय नाही. स्वस्त सायकलींवर मात्र बहुतेकदा एक जड स्प्रिंग असते आणि तिचं उसळणं आवरणारी यंत्रणा नावापुरती. असा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, साध्या फोर्कपेक्षा सहज किलोभर जास्त वजनाचा असतो. चढावर उभं राहून पायडल मारा, पुढचा भाग दर फेऱ्याला खाली बसताना दिसेल. जी ताकद चाकाला मिळायची, ती स्प्रिंग दाबण्यात जाते. मागेही शॉकर असलेली स्वस्त सायकल तर नवख्याने घेऊच नये. वजन आणखी वाढतं आणि बिघडायला आणखी सांधे मिळतात. खरोखर जंगलवाटा, दगडगोटे, ट्रेल हेच तुमचं वेड असेल, तर एमटीबी जरूर घ्या, पण फक्त पुढे शॉकर असलेली, आणि तो बंद करायची कळ असलेली.

रोड बाइकची गोष्ट वेगळी आहे. सपाटीवर ताशी 20 किलोमीटरच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक मेहनत हवा कापण्यात जाते, आणि हवा अडते ती मुख्यतः तुमच्या शरीरामुळे. खाली वळलेल्या हँडलवर वाकून बसल्याने हा अडथळा कमी होतो. शिवाय हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात, त्यामुळे लांबच्या पल्ल्यात मनगटं अवघडत नाहीत. पण सवय होईपर्यंत मान आणि पाठ भरून येते, गर्दीत मागे वळून पाहणं अवघड जातं, आणि पुष्कळ मॉडेलना मडगार्ड किंवा कॅरिअर लावायची सोयच नसते. लांब पल्ल्याच्या राइड करायच्या हे मनाशी पक्कं असेल, तर आधी हायब्रिड आणि मग रोड असा जिना चढायची गरज नाही. थोडं उंच हँडल आणि 30 मिलिमीटरच्या आसपासचे टायर असलेली रोड बाइक सरळ घ्या.

गिअरच्या आकड्याला भुलू नका. 21 गिअर म्हणजे पुढे 3 आणि मागे 7 चकत्या, पण त्यांतले कितीतरी गिअर एकसारखेच असतात. पुढे 48 दाते आणि मागे 24, किंवा पुढे 28 आणि मागे 14. दोन्हींत पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदाच फिरतं. पाहायचं असतं ते सर्वांत हलका गिअर किती हलका आहे. पुढची सर्वांत लहान चकती मागच्या सर्वांत मोठ्या चकतीएवढी किंवा तिच्याहून लहान असेल, तर बहुतेक चढ बसून निघतात. पुढे 1 आणि मागे 8 किंवा 9 ही रचना शिकायला सोपी, सांभाळायलाही. रस्ता पूर्ण सपाट आणि अंतर थोडं असेल, तर बिनगिअरची सायकलही उत्तम.

ब्रेकमध्ये पावसाचा विचार करा. रिमवर दाबणारे ब्रेक हलके असतात आणि त्यांचे रबर घरी बदलता येतात, पण रिम ओली झाली की पकड उशिरा येते. डिस्क ब्रेक ओल्यात जास्त भरवशाचे. त्यांतही केबलने चालणारे सोपे, तेलाच्या दाबाने चालणारे जोरदार.

या सगळ्याहून मोठी निवड मापाची आहे, आणि तिच्यात तडजोड नको. सरळ दांड्याची फ्रेम दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभे राहा. दांडा आणि जांघ यांत निदान 2 ते 5 सेंटीमीटर अंतर हवं, एमटीबीत त्याहून जास्त. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला, तर उंची बरोबर. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. बसल्या बसल्या दोन्ही पाय पूर्ण टेकावेत म्हणून नवखे सीट खाली ठेवतात. त्याने पुढे गुडघे दुखू लागतात. हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं असावं; हात ताठ होत असतील, तर फ्रेम लांब पडते आहे. सीट वर-खाली करता येते, पण फ्रेमची लांबी बदलता येत नाही, म्हणून एकाच मॉडेलची दोन मापं लागोपाठ चालवून पाहा, शक्य तर चढावर.

सगळे पैसे सायकलवरच संपवू नका. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप आणि दाब दाखवणारा पंप यांसाठी रक्कम बाजूला काढा. नव्या सायकलच्या केबल पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतात आणि गिअर अडखळायला लागतात, तेव्हा पहिली सर्व्हिसिंग किंमतीत धरली आहे का, हे विकत घेतानाच विचारून घ्या.