छताला लावायची ४ फुटी जोड-बॅटन: उजेड चोख, जोड कच्चा

घरच्या कार्यशाळेत छताला लावायला ४ फुटी एलईडी बॅटनचे जोडसंच मिळतात. एका बॅटनच्या टोकात दुसरीची पिन (थेट किंवा जोडतारेने) खोचायची, दुसरीत तिसरीची, आणि पहिलीला वीज दिली की सगळी रांग पेटते. ४० वॉटची बॅटन साधारण ४००० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचे माप) देते आणि त्या मानाने स्वस्तही पडते. उजेडाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या खोचायच्या जोडाबद्दल आणि आतल्या ड्रायव्हरबद्दल, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटबद्दल.

आधी किती नग लागतील ते पाहू. बारीक मापाच्या कामाला कामाच्या बाकावर ५०० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० ल्युमेन, उजेड हवा. २० फूट बाय १२ फूट खोली म्हणजे सुमारे २२ चौरस मीटर, म्हणजे कामाच्या पातळीवर ११,००० ल्युमेन पोचायला हवेत. भिंती, छत आणि साचणारी धूळ मिळून ४० टक्के तरी खातात, म्हणून दिव्यांतून १८,५०० निघायला हवेत. हिशेबाने ५ बॅटन पुरतात, तरी ६ घ्याव्यात, म्हणजे तीन-तीनच्या दोन सरळ रांगा होतात. भिंती पांढऱ्या नसतील तर ही सहावी बॅटन चैनीची राहत नाही.

रांग कुठे मारायची यात सर्वाधिक चूक होते. खोली समान वाटून दोन्ही भिंतींपासून ३-३ फुटांवर रांगा घेतल्या तर कागदावर छान दिसते. पण बाक भिंतीला लागून २ फूट खोल असतो आणि माणूस त्याच्यापुढे उभा राहतो, त्यामुळे रांग नेमकी त्याच्या डोक्याच्या मागे येते आणि स्वतःचीच सावली खुणेच्या रेघेवर पडते. बाकाकडची रांग बाकाच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर, म्हणजे भिंतीपासून २ फुटांवर घ्यावी. दुसरी तिच्यापासून ६ फुटांवर. छत ९ फूट उंच असेल तर बाकापासून दिवा सुमारे ६ फूट वर राहतो, आणि तेवढ्या उंचीला ६ फुटांचे अंतर चालते. लांबीत दोन्ही टोकांना आणि दर दोन बॅटनच्या मध्ये २ फूट सोडले की २० फूट बरोबर भरतात. इथेच संचाची पहिली उणीव दिसते: सोबतच्या जोडतारा बऱ्याचदा इतक्या आखूड असतात की २ फुटांचे अंतर पडतच नाही. लांब तारा वेगळ्या मागवाव्या लागतात.

आता जोड. पहिल्या बॅटनच्या पिनेतून साऱ्या रांगेचा प्रवाह जातो. सहाही बॅटन एकाच साखळीत घेतल्या तरी मिळून २४० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १ अँपिअर. स्वस्त ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.५ असेल तर तोच २ अँपिअर. तारेला हे जड नाही. त्रास होतो तो पिनेच्या सैल पकडीने. जवळ यंत्र चालले की छत किंचित थरथरते, पीन हळूहळू सरकते, ठिणगी पडते, प्लास्टिक काळे होते आणि पुढच्या सगळ्या बॅटन लुकलुकू लागतात. उपाय सोपा आहे: प्रत्येक जोडाजवळ तार क्लिपने छताला पक्की करावी, तिच्यावर ताण येऊ देऊ नये, आणि तीनपेक्षा जास्त बॅटन एका साखळीत घेऊ नयेत. दोन रांगांना दोन स्विच द्यावेत. अंग धातूचे आणि पिना दोनच, म्हणजे अर्थिंगच नाही, असा संच सरळ परत करावा.

ड्रायव्हरची परीक्षा घरी होते. मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने, सेकंदाला २४० फ्रेम वेगाने, पेटलेल्या बॅटनचे चित्रण घ्यावे. पट्टे धावताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर ड्रायव्हर कच्चा. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो, आणि लेथचा तीन जबड्यांचा चक (काम पकडणारा फिरता भाग) मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला बरोबर १०० जबडे डोळ्यासमोरून जातात. फिरता चक थांबल्यासारखा दिसतो, आणि हात पुढे जातो. लेथ, ड्रिल किंवा गोल करवत असलेल्या खोलीत अशी बॅटन फुकट मिळाली तरी लावू नये.

रंगाबाबत ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप) पांढराफेक उजेड लोक हौसेने घेतात, पण त्यात लाकडाचा तांबूसपणा मरतो. सुतारकामाला ४००० केल्विन आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी अंक) ९० घ्यावा. फक्त लोखंडकाम असेल तर ८० चालतो.

बसवताना आधी एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) पाडून टेस्टरने खात्री करावी. स्लॅबला ६ मिमीच्या बिटाने ४० मिमी खोल भोक, त्यात रावळप्लग (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी), मग स्क्रू. संचातले स्क्रू बहुधा आखूड असतात, ते टाकून द्यावेत. पत्र्याच्या छताखाली बॅटन पत्र्याला चिकटवू नये. आडव्या पट्टीला साखळीने टांगावी, म्हणजे उन्हाची धग ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही. लाकडाचा भुसा उडत असेल तर आयपी६५, म्हणजे धूळ आत न शिरणारी, बॅटन घ्यावी. साध्या बॅटनच्या फटीतून आत गेलेला भुसा उष्णता कोंडतो.

दिव्यांसाठी स्वतंत्र १.५ चौरस मिमीची तार आणि वेगळा ६ अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी हवा. एकदम सहा ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढला जातो, त्याने बी-कर्व्ह, म्हणजे त्याहून नाजूक एमसीबी, पडू शकतो. आणि यंत्राच्याच सर्किटवर दिवे असले तर करवतीवर ताण येऊन एमसीबी पडताक्षणी पाते अजून फिरत असताना खोलीत अंधार होतो.

स्विच बंद करूनही बॅटन मंद पेटत राहिली तर दिवा खराब म्हणून परत पाठवण्याची घाई नको. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसला आहे का, किंवा स्विचमध्ये लहान निऑन दिवा आहे का, ते आधी पाहावे.