संचालक बदलल्यावर बँकेची सेवा बदलते का? सदाशिव पेठेतील एका शाखेचा अनुभव

सदाशिव पेठेतील एका नागरी सहकारी बँकेच्या शाखेत १९९६ पासून माझे खाते आहे आणि मी तिचा भागधारकही आहे. बँकेचे नाव येथे देत नाही, कारण पुढील मजकुरात तक्रारीचा भाग बराच आहे आणि आज काउंटरवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे त्याचा दोष जात नाही.

दैनंदिन कामकाजापुरते बोलायचे तर शाखा चांगली आहे. पासबुक छापून मिळते, मुदत ठेवीचे नूतनीकरण दहा मिनिटांत होते आणि वयोवृद्ध खातेदाराला खुर्ची देऊन त्याचे काम आधी केले जाते. मोबाइल ॲप मात्र उशिरा आले आणि अजूनही अधूनमधून रुसते.

खरा प्रश्न कर्जविभागाचा होता. २०१६ मध्ये मी गृहदुरुस्तीसाठी कर्जाचा अर्ज केला. दोन जामीनदार, मूल्यांकनाचा अहवाल, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे असे सारे जोडूनही प्रकरण पाच महिने पुढे सरकले नाही, आणि प्रत्येक फेरीला शाखाधिकारी अत्यंत नम्रपणे एवढेच सांगत की ‘साहेबांना एकदा भेटून घ्या’. साहेब म्हणजे कर्ज उपसमितीवरील एक ज्येष्ठ संचालक. ते तेव्हा सलग एकवीस वर्षे मंडळावर होते. वार्षिक अहवालातील त्यांच्या छायाचित्रात या काळात एकच बदल दिसे, तो म्हणजे केस वर्षागणिक अधिक काळे होत गेले. त्यांनी माझ्याकडे काही मागितले असे मी म्हणणार नाही. मी भेटलो, चहा झाला, माझ्या दिवंगत वडिलांची त्यांनी आठवण काढली आणि आठवड्यात कर्ज मंजूर झाले. मला खटकले ते हेच, कारण जे कर्ज कागदपत्रांवर मिळायला हवे होते ते ओळखीवर मिळाले, आणि ज्याचे वडील त्यांच्या ओळखीचे नव्हते त्याचे काय झाले असेल हे मला ठाऊक नाही.

सहकारात एका सभासदाला एकच मत असते, मग त्याचे भाग कितीही असोत. त्यामुळे नको असलेला संचालक सभासदांनी मतदानाने घालवावा, कायद्याने त्याला मुदत घालण्याची गरज काय, असा आक्षेप घेतला जातो. तत्त्व म्हणून तो मान्य करता येतो. परंतु आमच्या सर्वसाधारण सभेला येणारे सभासद कार्यालयाच्या निम्म्या खुर्च्याही भरत नाहीत, विषयपत्रिकेवरील प्रत्येक ठराव ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात संपतो आणि माझ्या आठवणीतल्या बहुतेक निवडणुका बिनविरोध झाल्या. कर्ज हवे असलेला सभासद कर्ज देणाऱ्याविरुद्ध अर्ज भरत नाही, इतके हे सरळ आहे.

२०२० साली बँकिंग नियमन कायद्यातील दुरुस्तीने सहकारी बँकांच्या संचालकांनाही सलग आठ वर्षांची मर्यादा लागू झाली. १ ऑगस्ट २०२५ पासून ती दहा वर्षे करण्यात आली आहे. आमचे साहेब २०२३ च्या निवडणुकीत उभे राहिले नाहीत. त्यानंतर २०२४ मध्ये, इमारतीच्या गच्चीतील गळतीमुळे, मी पुन्हा तशाच कर्जासाठी अर्ज केला. या वेळी काउंटरवर कागदपत्रांची यादी मिळाली, एक कागद कमी असल्याचे तिसऱ्या दिवशी दूरध्वनीवरून कळवण्यात आले आणि एकोणिसाव्या दिवशी मंजुरीपत्र हाती पडले. शाखाधिकारी तेच होते. बदल त्यांच्यात झालेला नव्हता. कोणाच्या होकाराची वाट पाहायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नाहीसा झाला होता.

मर्यादेची किंमतही मोजावी लागली, हे नोंदवले पाहिजे. नवे मंडळ ताळेबंद वाचायला शिकत आहे आणि तोवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे वजन वाढले आहे. गेल्या सभेत थकीत कर्जांवरील एका साध्या प्रश्नाचे उत्तर एकाही संचालकाला देता आले नाही, ते अधिकाऱ्यानेच दिले. कॅलिफोर्नियातील मतदारांनी १९९० मध्ये आमदारांना कनिष्ठ सभागृहात सहा आणि वरिष्ठ सभागृहात आठ वर्षांची मुदत घातली, तेव्हाही अनुभवी लोक गेल्यावर सत्ता नोकरशाही आणि हितसंबंधीयांकडे सरकते अशी टीका झाली होती, आणि २०१२ मध्ये तो नियम दोन्ही सभागृहे मिळून बारा वर्षे असा बदलण्यात आला. आठाची दहा वर्षे करण्यामागेही काहीसा असाच शहाणपणा असावा, असे मला वाटते. दीर्घकाळ पदावर राहणारा प्रत्येक जण अडवणूक करतो असेही नाही: सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले आणि त्यांच्या साधेपणाबद्दल विरोधकही आदराने बोलत. परंतु १९७२ आणि १९९५ मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवले होते, हे त्यांचा दाखला देणारे विसरतात. तेथे निवडणूक खरोखर होत असे.

माझा असमाधानाचा मुद्दा वेगळाच आहे. कायद्यातील मर्यादा सलग कालावधीला आहे आणि ती व्यक्तीला आहे, घराण्याला नाही. साहेबांच्या जागी मंडळावर आले ते त्यांचे चिरंजीव. ते सभ्य आहेत, संगणक जाणतात आणि अद्याप कोणाला भेटायला बोलावत नाहीत. तथापि पहिलीच दोन वर्षे आहेत.

ठेवींबाबत मी जुना नियम पाळतो. रूपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आल्यापासून २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द होईपर्यंत पुण्यातील ठेवीदारांनी घातलेले हेलपाटे मी जवळून पाहिले आहेत, त्यामुळे या बँकेतील माझी रक्कम, व्याज धरून, ५ लाखांच्या विमासंरक्षणाच्या आतच असते. तेवढ्या मर्यादेत ही शाखा मी परिचितांना सुचवीन. पाचपैकी साडेतीन तारे. उरलेल्या दीडापैकी एक ॲपसाठी आणि अर्धा लॉकरसाठी कापला आहे. लॉकरची प्रतीक्षायादी पूर्वी साहेबांच्या खिशात असे, ती आता सूचनाफलकावर लावलेली असते आणि तीत माझा क्रमांक एकेचाळीसावा आहे.