उलट्या अर्थांची इंग्रजी क्रियापदे: दादरच्या एका वर्गाविषयी

कार्यालयातील जपानी सहकाऱ्यांना मी फावल्या वेळात इंग्रजी शिकवते, त्यामुळे दादर पश्चिमेला एका शिकवणीत जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी चार रविवारांचा वर्ग सुरू झाल्याचे कळताच मी नाव नोंदवले. एकाच क्रियापदाचे दोन उलटे अर्थ कसे समजावून द्यावेत, एवढाच त्याचा विषय होता आणि तो वर्ग मला मनापासून आवडला.

पहिला संपूर्ण रविवार बाईंनी ‘रेंट’ या एका शब्दाला दिला. जपानीत भाड्याने देण्यासाठी ‘कासु’ आणि घेण्यासाठी ‘कारिरु’ अशी स्वतंत्र क्रियापदे आहेत. मात्र ‘मित्राला देणे’ आणि ‘मित्राकडून घेणे’ या दोन्ही ठिकाणी ‘नि’ हा एकच प्रत्यय चालतो. इंग्रजीत नेमके याच्या उलट, म्हणजे क्रियापद तेच राहते आणि देणारा कोण, घेणारा कोण हे ‘टू’ आणि ‘फ्रॉम’ ठरवतात. फळ्यावर हे समोरासमोर मांडलेले पाहिले, तेव्हा पवईत ११ महिन्यांच्या करारावर राहणारा माझा एक सहकारी बोलता बोलता सगळ्यांना घरमालक का वाटला होता, याचा उलगडा झाला.

इतर शब्द भराभर झाले. बँक कर्ज ‘सँक्शन’ करते तेव्हा ती मंजुरी असते, पण एखाद्या देशाला ‘सँक्शन’ केले की ते निर्बंध असतात. कपाट ‘डस्ट’ करायचे म्हणजे धूळ पुसायची, केक ‘डस्ट’ करायचा म्हणजे पिठीसाखर भुरभुरायची. कर्माशिवाय एकही क्रियापद पाठ करू द्यायचे नाही, हा बाईंचा आग्रह मला फार मोलाचा वाटला. आपणही पगार वाढवतो आणि नारळही वाढवतो, हे त्यांनी आठवून दिले. पण तिथे अशुभ उच्चार टाळण्याचा हेतू आहे, तर ‘क्लीव्ह’मध्ये चिकटणे आणि चिरणे अशा अर्थांची दोन वेगळी जुनी क्रियापदे एकरूप झाली आहेत, हा फरकही त्यांनी स्पष्ट केला.

उणीव एकच, आणि ती छापील टिपणात आहे. ‘टेबल’ या क्रियापदाचा विषय चर्चेला मांडणे हा ब्रिटिश अर्थच तिथे दिला आहे. अमेरिकेत त्याचा अर्थ चर्चा लांबणीवर टाकणे असा होतो आणि माझ्या सहकाऱ्यांच्या निम्म्या बैठका अमेरिकी ग्राहकांशीच होतात.